अकरा नंबरची नळी

मला भूक लागली होती आणि त्याच्या हातात पळी होती. एवढ्यावरून कुणीही जो अर्थ काढला असता, तोच मी काढला.

संध्याकाळच्या कॉलेजातला माझा पहिला दिवस होता. वृद्धाश्रमातली ड्यूटी संपवून, दोन बस बदलून मी थेट आले होते. दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. जिना चढून वर आले, तर बोळात गरम सूपचा असा काही वास सुटलेला की वर्ग कुठं आहे ते शोधायचं मी विसरलेच. वासाच्या मागं मागं जाऊन शेवटचं दार ढकललं. आत पांढरा एप्रन घातलेला एक उंच मुलगा मोठ्या पातेल्यात काहीतरी ढवळत होता. शेजारी काचेच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या.

"एक वाटी द्या," मी म्हणाले. "गरमच असू दे."

त्यानं आधी पळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"देतो की. पण हे जंतूंसाठी केलंय."

"जंतू पितात हे?"

"पितात, त्यातच राहतात, एका रात्रीत लाखाचे कोटी होतात. तुम्हाला चालत असेल तर माझी ना नाही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी वळले, तर तो मागोमाग बोळात आला. त्या खोलीत काहीही खायला बंदी होती, म्हणून दाराबाहेर टांगलेल्या त्याच्या पिशवीतून त्यानं बिस्किटांचा पुडा काढून माझ्यापुढं धरला.

"घ्या, गिऱ्हाईक. पहिल्याच दिवशी कुणाला उपाशी पाठवणं बरं दिसत नाही."

तेव्हापासून मी 'गिऱ्हाईक' झाले ती झालेच. तो होता प्रयोगशाळेतला मदतनीस. जंतूंसाठी खाणं शिजवायचं आणि वापरलेली काचेची भांडी वाफेच्या मोठ्या यंत्रात उकळून काढायची, हे त्याचं काम. सगळा वर्ग त्याला 'कुकर' म्हणायचा. तोही हाक मारली की निमूट 'ओ' द्यायचा.

आता मी तिथं का गेले होते, ते सांगते. नर्सिंग कॉलेजला अर्ज करायचा तर चार विषय आधी पास व्हावे लागतात. माझे तीन झाले होते. बाबांच्या आजारपणात मला नोकरी धरावी लागली, त्यामुळं वर्षाला एक, कधी दोन वर्षांना एक, असे ते झाले होते. चौथा राहिला होता, सूक्ष्मजीवशास्त्र. आणि मेख अशी की रसायनशास्त्राचे गुण पाच वर्षंच धरतात आणि माझं पाचवं वर्ष संपत आलं होतं. एक दूध तापेपर्यंत दुसरं नासावं, तशी गत. अर्जात प्रत्येक विषयापुढं दोन चौकटी होत्या, 'पूर्ण' आणि 'सुरू'. सूक्ष्मजीवशास्त्रापुढं मी बेधडक 'सुरू'वर खूण केली. खरं म्हणजे वर्ग सुरू व्हायला तेव्हा तीन आठवडे अवकाश होता. पण अर्जाची मुदत माझ्यासाठी थांबणार नव्हती.

आईनं कपाळावर हात मारला. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी," म्हणाली. "आधी विषय तर होऊ दे."

तरी दोन महिन्यांनी पत्र आलं. मला जागा मिळाली होती, पण अट घालून: सूक्ष्मजीवशास्त्रात शंभरातले निदान साठ गुण, आणि गुणपत्रिका महिनाअखेरीच्या आत कॉलेजात पोचली पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्याला. आईनं ते पत्र तीनदा वाचलं आणि त्याच दिवशी अख्ख्या इमारतीला सांगून आली. अट मात्र तिनं कुणालाच सांगितली नाही.

आईच्या आधी ते पत्र वाचलं होतं कुकरनं. मी ते पर्समधून काढून त्याच्यापुढं नाचवलं होतं. कॉलेज सहा तासांवर होतं, तीन वर्षं वसतिगृहात राहायचं होतं, हे सगळं मी एका दमात सांगितलं. तो "छान झालं" म्हणाला आणि धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुवायला लागला. मला वाटलं, कामाचा माणूस आहे.

इथं माझा एक दोष सांगायला हवा. मला चेहरे वाचता येतात, असा माझा समज होता. समज कसला, घमेंडच. वृद्धाश्रमात एक पोस्टमन आजोबा होते, त्यांची वाचा गेलेली. त्यांना पाणी हवंय की उशी, की नुसतंच कुणीतरी जवळ बसायला हवंय, हे मी त्यांच्या भुवईवरून ओळखायचे. तिथल्या सगळ्या बायका माझं कौतुक करायच्या. त्या कौतुकानं मी इतकी फुगले की वर्गातही सगळ्यांना सांगून झालं होतं: माझ्यापासून काही लपत नाही म्हणून.

आणि कुकरचा चेहरा तर उघडं पुस्तक होता. हसू आलं की आधी कानांकडून यायचं. खोटं बोलायचा प्रयत्न केला की नाक खाजवायचा. मला तो आवडायला लागला होता, हे उगाच कशाला लपवू? प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी अर्धा तास लवकर यायला लागले. तो दारात उभा राहून "आज काय घेणार?" विचारायचा आणि मी "जे ताजं असेल ते" म्हणायचे. जंतू उचलायची बारीक तार ज्योतीत लाल करून लगेच वापरायची नाही, आधी थंड होऊ द्यायची, हे त्यानंच मला शिकवलं. "तापलेल्या तारेशी आणि तापलेल्या माणसाशी घाई करू नये," म्हणाला. मी घाई केलीच. बोट भाजलं. मी काही म्हणायच्या आत त्यानं माझा हात ओढून नळाखाली धरला.

"किती वेळा सांगितलं तुला…" तो म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

"तुला?" मी विचारलं.

"तुम्हाला."

"राहू दे. 'तुला'च बरं वाटलं."

बोट केव्हाच थंड झालं होतं. नळ आणखी दोन मिनिटं चालू राहिला. आम्ही दोघंही नळाकडंच बघत होतो.

मग आली शेवटची परीक्षा. तिची आमच्या कॉलेजात एक जुनी पद्धत होती. प्रत्येकाला एक नळी मिळायची, तिच्यात एक जंतू. कुठला, ते सांगायचं नाही. दोन आठवड्यांत आपण रंग द्यायचे, सूक्ष्मदर्शकातून बघायचं, वेगवेगळं खाणं घालून तो काय खातो ते बघायचं, सगळं वहीत टिपायचं आणि शेवटी त्याचं नाव लिहायचं. नुसत्या नावाला दहा गुण. मला अकरा नंबरची नळी आली.

नळ्या भरल्या होत्या कुकरनं. म्हणजे अकरा नंबरच्या नळीत कोण बसलाय, हे जगात दोघांनाच माहीत होतं, आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना आणि त्याला. मॅडमनी त्याला सक्त ताकीद दिली होती की दोन आठवडे नळ्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर नोकरीवर पाणी. मीही त्याला एका शब्दानं विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही, असं मात्र नाही. मग आमचं बोलणं म्हणजे निव्वळ हवापाण्याचं झालं.

"आज गरम होतंय," तो म्हणायचा.

"इनक्युबेटरशेजारी उभं राहिल्यावर होणारच," मी म्हणायचे.

"पंखा लावू?"

"ज्योत विझेल."

"मग राहू दे," आणि तो हसायचा, आधी कानांनी.

शेवटच्या दिवशी माझ्याकडं दोनच जंतू उरले होते. पुस्तकात त्यांना लांबलचक नावं आहेत, मी त्यांना 'आतड्यातला' आणि 'फुप्फुसातला' म्हणायचे. दोघं दिसायला सारखे, गुलाबी काड्यांसारखे. फरक एकच: एका हिरव्या खाण्यात फुप्फुसातला वाढला की ते निळं होतं, आतड्यातल्यानं काही होत नाही. माझी नळी आदल्या दिवशी हिरवी होती, त्या संध्याकाळीही हिरवीच. मी वहीत लिहिलं, 'आतड्यातला', अर्थात पूर्ण नावानं.

तेवढ्यात रिकाम्या नळ्यांचा ट्रे घेऊन कुकर माझ्या टेबलाजवळून गेला. जाता जाता त्याची नजर वहीवर पडली. आणि त्याचा चेहरा पडला.

थोडाथोडका नाही, चांगला पडला. ओठ मिटले, मान खाली गेली, ट्रेमधल्या नळ्या किणकिणल्या. त्यानं लगेच पाठ फिरवली, पण मला जे बघायचं ते मी बघितलं होतं. बिचारा बोलू शकत नाही, मी मनात म्हटलं, पण त्याच्या तोंडावर लिहिलंय सगळं. माझं उत्तर चुकलंय.

हे बघणं म्हणजे चोरीच होती, तेही मला कळत होतं. पण महिनाअखेर डोक्यावर होती, आई अख्ख्या इमारतीला सांगून बसली होती. मी उत्तर खोडलं आणि खाली दुसरं लिहिलं. फुप्फुसातला.

निकाल लागला तेव्हा मला त्रेपन्न गुण होते.

मॅडमनी सगळे गेल्यावर मला थांबवून घेतलं. प्रयोगशाळेत त्या, मी, आणि मागं बेसिनपाशी काच धूत असलेला कुकर, एवढेच. माझी वही त्यांच्यासमोर उघडी होती.

"रंग बरोबर, आकार बरोबर, नळी हिरवी राहिली हेही बरोबर," मॅडम म्हणाल्या. "उत्तरही बरोबर लिहिलं होतंस. मग ते खोडलंस का?"

बरोबर होतं. हिरवी नळी दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी एका चेहऱ्यावर विश्वास ठेवला होता. खरं सांगावं तर त्याची नोकरी जाणार. मी कशीबशी म्हणाले, की कुणाच्या तरी चेहऱ्याकडं पाहून माझा माझ्यावर विश्वास राहिला नाही.

"उद्या पेशंटचा ताप एकशे तीन दिसला आणि डॉक्टरांचा चेहरा शांत दिसला, तर तू कागदावर अठ्ठ्याण्णव लिहिणार का?"

त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. सात गुणांपेक्षाही ते लागलं. वृद्धाश्रमात इतकी वर्षं काढून मी हे केलं होतं, या विचारानं मला रडू फुटलं. मागं बेसिनचा नळ बंद झाला.

"मॅडम," कुकर म्हणाला, "चेहरा माझा होता."

मॅडमनी सावकाश मान वळवली. त्यानं खूण केली का, असं विचारलं. तो नाही म्हणाला. ओले हात एप्रनला पुसत तो पुढं आला.

"खूण नाही केली. जाता जाता वही दिसली आणि चेहरा पडला. आपोआप. ती बघेल, असं वाटलं नव्हतं."

"उत्तर तर बरोबर होतं. मग तुझा चेहरा पडायला काय झालं?"

"बरोबर होतं म्हणूनच."

"म्हणजे?"

तो नाक खाजवत नव्हता. माझ्याकडं बघतही नव्हता. मॅडमच्या टेबलावरच्या पेनकडं बघत तो म्हणाला, "उत्तर बरोबर म्हणजे ती पास. पास म्हणजे… ती इथून जाणार. सहा तास लांब."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर ठेवला, परत काढला आणि परत पुसला. मग मला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"नाही, मॅडम."

"आणि तू चेहरे वाचतेस म्हणे."

माझे कान गरम झाले. सात गुणांनी माझी जागा चालली होती, आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि तरीही आत कुठंतरी मला नाचावंसं वाटत होतं. लाज वाटायला पाहिजे होती. वाटलीही, पण थोडी उशिरा.

मॅडमनी निकाल बदलला नाही. चूक ती चूकच, म्हणाल्या. पण ज्यांचं नाव चुकलं होतं, माझ्यासकट चौघांचं, त्यांची त्यांनी पुन्हा परीक्षा घ्यायचं ठरवलं. वेळ चार दिवस. नळ्या मॅडम स्वतः घरून पहाटे येऊन भरणार, यादी त्यांच्या पर्समध्ये. कुकरनं चार दिवस मागच्या, पातेल्याच्या खोलीतून प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. महिनाअखेरीला पाच दिवस होते.

बोळात तो काही बोलायला लागला, तर मी हात वर करून त्याला थांबवलं.

"चार दिवस एक शब्द बोलू नकोस. तू बोललास तर मायक्रोस्कोपात मला जंतूंच्या जागी तूच दिसशील."

"आणि चार दिवसांनी?"

"चार दिवसांनी बघू."

घरी मी आईला सगळं सांगितलं. म्हणजे जंतूंबद्दलचं सगळं. आईनं ते पत्र काढून पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "नाही झालं तर इमारतीला मी सांगेन. तू नको सांगूस." त्या रात्री ना तिला झोप लागली, ना मला.

ते चार दिवस मी कुणाच्याही तोंडाकडं पाहिलं नाही. वृद्धाश्रमातून रजा काढली. सकाळी जायचे, दिवसभर प्रयोगशाळेत. मागच्या खोलीचं दार बंद असायचं, फटीतून वाफेचा सुस्कारा आणि सूपचा वास यायचा. तार तापवली, थंड होऊ दिली. या वेळचे जंतू गोल होते, जांभळे, घोसानं राहणारे. पुन्हा दोनच नावं उरली आणि पुन्हा एक खाणं निर्णय देणार होतं. शेवटच्या दिवशी ते लालाचं पिवळं झालं. मी नाव लिहिलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं माझ्या वहीत डोकावून "च्" केलं. खोडावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पेन हातातच होतं. मी नळीकडं पाहिलं, ती पिवळीच होती. मी वही मिटून मॅडमच्या टेबलावर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी त्रेसष्ट गुण मिळाले. मॅडमनी गुणपत्रिकेवर माझ्यासमोर शिक्का मारला आणि ऑफिसातून ती ईमेलनं आजच्या आज नर्सिंग कॉलेजला पोचेल, असं बघितलं. मला म्हणाल्या, "आता जा मागं. चार दिवस तो एकच बाटली धुतोय."

मी दार ढकललं. तो पातेल्यापाशीच होता. मला बघून त्याचे कान हसले, मग चेहरा पडला, मग पुन्हा हसायचा प्रयत्न झाला. सगळं एकाच चेहऱ्यावर.

"झालीस पास," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तुझ्या तोंडावरून."

"तोंडावरचं काही धरायचं नाही आता. मी ते वाचायचं सोडलंय," मी म्हणाले. "जे असेल ते बोलून सांग."

त्यानं गॅस बारीक केला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला आणि मी त्याला घाई केली नाही.

"तू जावंस असं मला वाटतं," तो म्हणाला. "अगदी मनापासून वाटतं. आणि तू गेलेली मला सहन होणार नाही. दोन्ही खरं आहे. त्या दिवशी दोन्ही एकदम आलं आणि तुझे दहा गुण गेले. तू मला आवडतेस, हे मी आधीच सरळ सांगितलं असतं, तर चेहरा पडायची वेळ आली नसती."

बोलून तो माझ्या उत्तराची वाट बघत राहिला. माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते, पण तेव्हा ती टाळ्याला चिकटली होती. मग गेल्या चार दिवसांत जे केलं होतं, तेच केलं. जे दिसतं तेवढं सांगायला लागले.

"तळहात ओले," मी म्हणाले. "घसा कोरडा. गुडघ्यांत जोर नाही. नाडी… बरीच जलद."

"आणि उत्तर?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"तू हवा आहेस मला. सहा तास लांब असलास तरी. लिहून घे, मी खोडणार नाही."

त्यानं लिहून काही घेतलं नाही. नाडी बघतो म्हणाला आणि माझं मनगट हातात धरून त्यावर अंगठा टेकवला. नाडी कधी अंगठ्यानं बघत नाहीत, आपलीच नाडी लागते, हे मला वृद्धाश्रमात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण मी त्याला सांगितलं नाही.